साडेसहा पीळ

तुगाया,
७ ऑगस्ट १९९४

सांगिला,

अस्सलामु अलैकुम. राग आला म्हणून सलाम टाळता येत नाही. येत असता तर आज टाळला असता.

काल इलिगानहून परत आले. मोतीबिंदू काढला. आठ दिवस लिहू-वाचू नका, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. ते मी मोडते आहे आणि डोळा बिघडला तर तो तुझ्या नावावर. पट्टी निघाल्यावर या घरात मला पहिल्यांदा स्वच्छ दिसले ते भिंतीवरचे दोन रिकामे खिळे. खाली पेटीवर काळं फडकं, नीट चौकोनी घडी घातलेलं. चोर घडी घालत बसत नाही. हे घरच्या माणसाचं काम, एवढं मला तिथेच कळलं.

रास्मियाला विचारलं. बिचारी सून, तिला काय ठाऊक? म्हणाली, "मामा येऊन तीन दिवस राहिले. तलवार साफ करायला नेतो म्हणाले. तुम्हाला माहीत आहे म्हणाले."

मला माहीत नव्हतं. मी इस्पितळात डोळा बांधून पडले होते आणि तू नेमके तेच दिवस निवडलेस. तुझ्या मनिलाच्या ऑफिसात दोनदा फोन लावला. मुलगी म्हणाली, साहेब साइटवर आहेत. म्हणून हे पत्र. जीपवाल्या उंतेबरोबर पाठवते आहे, तो जीप बोटीवर चढवून मनिलाला माल नेतोच. तो ते तुझ्या हातातच देईल, तसं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं आहे.

आज दुपारी तुझं आमंत्रणही पोचलं. पुठ्ठ्यासारखा जाड कागद, सोनेरी अक्षरं. १० सप्टेंबरला पंगावच्या मैदानावर सांगिला यांना दातू म्हणून सरदारकीच्या गादीवर बसवणार. खाली तुझा फोटो, पिवळा रेशमी पोशाख, हातात उपसलेली क्रिस, आपल्या भिंतीवरची तलवार. जेद्दाहला बारा वर्षं सिमेंट कालवलंस, मनिलात इमारती बांधल्यास, त्यातून ही पदवी घेतलीस. आजकाल पुष्कळ जण घेतात. त्याबद्दल मी एक शब्द बोलणार नव्हते.

पण फोटोत तू क्रिस उलटी धरली आहेस. पात्याच्या बुडाशी हत्तीच्या सोंडेसारखा आकडा असतो, तो समोरच्याकडे ठेवायचा. हे तुगायातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. तू सोंड स्वतःच्या पोटाकडे धरून हसतो आहेस. लोहाराचा मुलगा तू. बाबांनी हा फोटो पाहिला असता तर चिमट्याने तुझा कान धरला असता.

आणि फोटोखालची ओळ: "दातू बातुआ यांचे पणतू, पूर्वजांच्या तलवारीसह." पणजोबा बातुआ दातू कधी झाले? ते लोहार होते. या तळ्याकाठी त्यांच्यासारखा लोहार नव्हता, हे दातूच सांगत. मग तेवढं पुरलं नाही का तुला?

ती तलवार आपली नाही. तुला हे पाठ आहे तरी लिहिते. लोखंड आणि पोलाद एकत्र पिळून केलेलं पातं दातूच्या कमरेला. साध्या माणसाला साधं, एकसंध पातं. आणि पीळ घालणाऱ्या लोहाराला त्यातलं काहीच नाही. तो ते घडवणार, दुरुस्त करणार, आणि परत देताना पातं आपल्या तळव्यावर घेऊन मूठ मालकाकडे करणार. मूठ लोहाराने धरायची नाही. ही रीत मला आवडते असं समजू नकोस. कॉलेजात असताना मी याच गोष्टीवरून प्राध्यापकांशी भांडले आहे. पण रीत वाईट आहे म्हणून दुसऱ्याची वस्तू आपली होत नाही.

बेचाळीस साली, जपानी आले तेव्हा, दातू मंगोरसी ती क्रिस आजोबांकडे ठेवून गेले. पातं मुठीशी जखडणारी चांदीची पकड सैल झाली होती. "परत येताना नेतो," म्हणाले. आले नाहीत. आजोबांनी ती काळ्या फडक्यात गुंडाळून टांगली, बाबांनी तशीच ठेवली, मरताना माझ्यावर सोपवली. तू फोटोत दातूंच्या घराण्याचा पिवळा रंग अंगावर घालून ती धरली आहेस.

दहा सप्टेंबरच्या आत ती या भिंतीवर परत पाहिजे.

पिंदावान


तुगाया,
१८ ऑगस्ट १९९४

सांगिला,

सलाम.

उंतेबरोबर पाठवलेला खजुराचा डबा पोचला. रास्मियाच्या पोरांनी संपवला, मी हात लावला नाही. सोबतची चिठ्ठीही वाचली. बहिणीच्या तीन पानांना तू अर्धं पान उत्तर दिलंस. त्यातलं एक वाक्य मी रोज वाचते, राग ताजा राहावा म्हणून: "ताई, बावन्न वर्षं झाली, आता कोण येणार आहे मागायला? आणि मी ती अशी चमकवून घेतलीय की तू ओळखणार नाहीस."

मशीनवर घासून घेतलीस. मनिलाच्या कुठल्याशा दुकानात, चाकावर धरून, आरशासारखी. सैल पकडीत त्या माणसाने गोंद ओतला आणि ती पक्की झाली, असंही अभिमानाने लिहिलं आहेस. गोंद, सांगिला. खुर्चीचा पाय चिकटवतात तसा.

तुला वाटलं, दातूची तलवार चकाकते. चकाकणारं पातं बाजारात कोंबडीवाल्याकडेही असतं. दातूचं पातं ओळखतात ते आतल्या पिळावरून, आणि तू नेमका तोच पुसून टाकलास. सतराव्या वर्षापर्यंत बाबांच्या शेजारी बसून तू भाता ओढलास. पिळलेल्या दोन कांबी तापवून एकमेकींवर चढवताना बाबा श्वास धरून ठेवायचे, तेव्हा आपणही धरायचो. तुझं तोंड लाल व्हायचं. ते सगळं जेद्दाहच्या विमानात चढताना खाली ठेवून गेलास का?

आता, कोण येणार ते सांगते. मंगळवारी ती आली.

साठीची बाई, अंगावर धुऊन धुऊन विटलेला मालोंग, हातात सुक्या मासळीची टोपली. मला वाटलं मासळी विकायला आली. मी म्हटलं आज नको. तिने टोपली उंबऱ्यावर ठेवली, त्यातून तुझं आमंत्रण काढलं आणि तुझ्या हातातल्या मुठीवर बोट ठेवलं. हस्तिदंती मूठ, पक्ष्याच्या डोक्याच्या आकाराची, चोचीचा टवका उडालेला.

"ही चोच मी फोडली," ती म्हणाली. "सात वर्षांची होते. दगडावर आपटली. बाबांनी मला मारलं नाही, म्हणून आजवर लक्षात राहिलं."

दातू मंगोरसींची मुलगी, बाई बोलावान. वडील लढाईत गेले. आईने तिला कोटाबाटोकडे नेलं. क्रिस तळ्याकाठच्या लोहाराकडे आहे एवढंच आईला माहीत होतं. तळ्याकाठी लोहार किती? ती तीन वर्षं गावोगाव विचारत होती. तुझी सोनेरी अक्षरं कोणत्याशा मोठ्या घरातून तिच्या पुतण्याच्या हाती पडली. ती आपण होऊन कधी तुगायात पोचली असती की नाही, कोण जाणे. पत्ता तू छापून दिलास.

मी तिला बसवलं आणि घरच्या रीतीप्रमाणे विचारलं. तलवार मागायला येणाऱ्याने आधी पीळ सांगायचा. गंजाखाली, काजळीखाली तो दिसत नाही, तो फक्त मालकाला पाठ असतो. त्याने सांगायचं, मग लोहाराने लिंबाचा रस चोळून पातं धुवायचं आणि दोघांनी मोजायचं.

तिने लहान मुलं म्हणतात तशा चालीवर म्हटलं, "एका अंगाला सात, दुसऱ्या अंगाला साडेसहा, अर्धा पीळ लोहाराने खाल्ला." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "आमच्याकडे पोरांना मोजायला असंच शिकवायचे. तुमच्या घरावर टोमणा आहे, राग मानू नका."

मला राग आला नाही. मला बाबा आठवले. त्यांनी आपल्याला त्या अर्ध्या पिळाची दुसरी बाजू सांगितली होती. आठवते का? पणजोबा दुसऱ्या अंगाच्या कांबीला शेवटचा पीळ देत होते आणि घरातून हाक आली. मूल होत होतं. ते भट्टी सोडून धावले, परत येईपर्यंत लोखंड निवलं, पीळ अर्धाच राहिला. जन्मलेलं मूल म्हणजे आपले आजोबा. मालकांच्या घरात त्याचा टोमणा झाला, आपल्या घरात वाढदिवस. दोन्ही घरं एकच गोष्ट सांगत होती आणि एकमेकांना ठाऊक नव्हतं.

यानंतर मी उठून भिंतीवरून तलवार काढायला हवी होती. खिळे तिलाही दिसत होते. पंचवीस वर्षं मी वर्गात पोरांना खोटं बोलू नका म्हणून सांगितलं, आणि एका खऱ्या बाईसमोर मला म्हणावं लागलं, "भावाने नेली आहे."

तिने आमंत्रण परत टोपलीत ठेवलं. दारात तिचा पुतण्या लुमाबाव उभा होता. पंचवीस-सव्वीसचा, सभ्य. तो म्हणाला, "टीचर, दहा तारखेला आम्हीपण येतो. आमंत्रण नसलं तरी चालेल ना?"

याचा अर्थ तुला समजावून सांगायला हवा, एवढा मनिलाचा अजून झाला नसशील. त्यांच्या बापजाद्यांची क्रिस तू चारशे माणसांसमोर आपली म्हणून उपसलीस, की त्या घराच्या अब्रूला हात घातलास. मग बंदुका निघतात. आधी तू, मग त्यांचा कोणी, मग माझा मुलगा नासिफ, मग त्याची पोरं. आपल्या मागच्या आळीतलं वैर एका कोंबड्यावरून सुरू झालं आणि सात प्रेतांनंतर मिटलं. इथे तर तलवार आहे.

मी बाई बोलावानकडे दहा तारखेपर्यंत मुदत मागितली. तुझ्यासाठी मागितली. या जन्मात मी कोणाकडे काही मागितलेलं नाही, हे ध्यानात ठेव.

पिंदावान


तुगाया,
२९ ऑगस्ट १९९४

सांगिला,

या वेळी तू दोन पानं लिहिलीस. धमकी द्यायची असली की तुझी लेखणी चालते तर.

"तुझ्या लग्नात भिंतीवर काय टांगलेलं होतं आणि त्यावर कुठला रंग होता, ते मी अमेरोलच्या घरच्यांना सांगू का? मी तेव्हा बारा वर्षांचा होतो, आंधळा नव्हतो."

पंचवीस वर्षं तू हे पोटात ठेवलंस. मला वाटायचं, तुझ्या लक्षात आलं नसेल. मला असं वाटायला आवडायचं.

सांगायचंच आहे तर नीट सांग, मी लिहून देते. एकोणसत्तर साल. मी नुकती पदवीधर झालेली, अमेरोल माझ्याबरोबर शिकलेला, दातूच्या घरातला. त्याच्याकडचे बुजुर्ग माझा हात मागायला आले, खरं म्हणजे आपलं घर तोलायला आले. नवऱ्यामुलाकडून मेहेरचं किती धन यायचं ते मुलीच्या रक्तावर ठरतं. त्यांच्यात आधीच कुजबूज चालू होती, मुलगी शिकलेली आहे, पण भट्टीजवळ वाढली. सकाळी बाबा भट्टीवर होते. मी काळं फडकं काढलं आणि माझा पिवळा मालोंग तलवारीवर टाकला. मूठ उघडी ठेवली, चोचीचा टवका भिंतीकडे करून.

अमेरोलच्या चुलत्याने विचारलं, "ही कोणाची?"

मी म्हटलं, "घरची."

एवढाच एक शब्द. खोटा म्हणता येणार नाही असा निवडलेला. कॉलेज शिकल्याचा फायदा. बाबा हात पुसत आत आले, पाहिलं आणि पाहुण्यांसमोर गप्प राहिले. पाहुणे गेल्यावर त्यांनी माझा मालोंग काढून माझ्या हातात दिला, काळं फडकं परत गुंडाळलं आणि नासिफ जन्मेपर्यंत, म्हणजे दीड वर्ष, माझ्याशी बोलले नाहीत. मरताना तलवार माझ्यावर का सोपवली, तुझ्यावर का नाही, असं तू मला विचारलं होतंस. मी म्हटलं होतं, मी थोरली म्हणून. ते खरं नव्हतं. मी तिची गुन्हेगार होते म्हणून.

त्या एका शब्दावर मी आयुष्य काढलं. अमेरोलच्या घरात मला पुढच्या रांगेत बसवत. नासिफला त्यांच्यात मान आहे. अमेरोल गेला, त्यालाही मी कधी सांगितलं नाही.

तर आता तू मला या गोष्टीची भीती घालतो आहेस. घाल. भीती वाटते. या वयात पुढच्या रांगेतून उठायचं मला चांगलंच जड जाईल. पण एक लक्षात घे. मी चूक केली तेव्हा मागायला कोणी आलेलं नव्हतं. तू करतो आहेस तेव्हा मालकीण माझ्या उंबऱ्यावर बसून गेली आहे. आणि मी निदान तलवार मशीनवर धरली नव्हती.

तलवार पाठव. उंते शुक्रवारी मनिलाहून निघेल.

पिंदावान


तुगाया,
६ सप्टेंबर १९९४

सांगिला,

उंते रिकाम्या हाताने आला. म्हणाला, साहेबांनी जेवायला घातलं, दिलं काही नाही.

ठीक आहे. शनिवारी सकाळी मी पंगावला येते. बाई बोलावान माझ्याबरोबर असेल. तिचे पुतणे मागच्या जीपमध्ये असतील, ते मी थांबवू शकले नाही. तू मिरवणुकीला निघण्याआधी मागच्या खोलीत आम्हा दोघींना भेट. तुझे फोटोवाले आणि चमचे बाहेर ठेव.

लिंबं मी आणते.

पिंदावान


तुगाया,
२१ सप्टेंबर १९९४

सांगिला,

अस्सलामु अलैकुम.

तू मंडपामागून गाडीत बसून गेलास, त्याला अकरा दिवस झाले. ऑफिसातली मुलगी आता साहेब साइटवर आहेत असंही म्हणत नाही, नुसता फोन ठेवते. तेव्हा मागे काय झालं ते तुला कोणी सांगितलं नसणार. तुला दोष कुठे लागतो आणि कुठे लागत नाही हेही लिहिते, कारण मी मास्तरीण आहे, चुकीच्या जागी गुण कापत नाही.

आधी खोलीतलं. तू पिवळ्या पोशाखात उभा होतास आणि म्हणालास, "ताई, बाहेर चारशे माणसं बसलीयत. आज नको." मी विचारलं, या पात्यात पीळ किती? तू म्हणालास, "कसले पीळ? सगळं गुळगुळीत झालंय." तेव्हा बाई बोलावानने ते पोरांचं गाणं म्हटलं आणि मी पात्यावर लिंबं पिळली.

तुला वाटलं होतं, घासलं की गेलं. अरे, पीळ वर काढलेली नक्षी थोडीच असते? तो लोखंडाच्या पोटात असतो, आरपार. आरसा आधी धुरकटला, मग काळ्या-पांढऱ्या रेषा वर येऊ लागल्या, आणि तिघंही श्वास धरून उभे राहिलो. हो, तूही. मी पाहिलं, तुझं तोंड लाल झालं होतं. एका अंगाला सात. उलटवली. सहा, आणि मग तो अर्धा, मध्येच निवलेला. तू त्यावर बोट ठेवलंस. कोणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर तू काय केलंस ते तुला तरी कळलं का? मूठ सोडलीस, पातं तळव्यावर घेतलंस आणि मूठ तिच्याकडे केलीस. बाबा द्यायचे अगदी तसं. मशीनवरची नवी धार तळव्यात घुसली तरी हात हलू दिला नाहीस. याचे पूर्ण गुण.

आणि मग तू बाहेर गेलास, हाताला रुमाल बांधून, माईक घेतलास आणि म्हणालास, "आजच्या शुभदिनी दातू सांगिला आपल्या पूर्वजांची तलवार एका गरीब वृद्धेला दान करत आहेत."

दान. मी खोलीच्या दारात उभी होते. बाई बोलावान माझ्या शेजारी, हातात तिची स्वतःची तलवार. तिचा चेहरा मी तुला सांगणार नाही. लोक टाळ्या वाजवत होते. लुमाबाव मागच्या रांगेतून उठला आणि त्याचा उजवा हात जाकिटात गेला, त्याच्या मागचे सहाही उठले. दोन मिनिटांपूर्वी तू माझा भाऊ झाला होतास. माईक दिसल्यावर परत दातू झालास. एवढा राग मला उभ्या जन्मात कोणाचा आला नसेल.

मी लुमाबावला वर्गात ओरडते तशी ओरडले, "बस खाली." तो बसला नाही, पण थांबला. तोवर मी माईकपाशी पोचले होते. तुझ्या हातातून तो मी हिसकावून घेतला असं लोक म्हणतात. हिसकावला नाही. तू दिलास. 

पुढे मी काय बोलले ते तू अर्धंच ऐकलंस, गाडीचं दार लावल्याचा आवाज मला मधेच आला. म्हणून परत लिहिते. मी म्हटलं, "ही तलवार दातू मंगोरसींची आहे. ती आमच्या घरची कधीच नव्हती. आज नाही आणि एकोणसत्तर साली माझ्या लग्नातही नव्हती. आम्ही लोहार. आमच्या पणजोबांनी ती घडवली आणि आमच्या आजोबांकडे ती दुरुस्तीला आली होती. दान मालकाने करायचं असतं, लोहाराने नाही. बाई बोलावान, बावन्न वर्षं उशीर झाला, आमच्या घराला माफ करा."

 वंशावळ वाचायला बसलेल्या म्हाताऱ्याने पोथी मिटली आणि चष्मा पुसत बसला. मग बाई बोलावान पुढे आली. तलवार तिने डाव्या हातात घेतली, उजव्या हाताने माझा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "परत मिळाली. वैर नाही." लुमाबावचा हात जाकिटातून रिकामा बाहेर आला. मी तेव्हा कुठे श्वास सोडला.

पहिल्या रांगेतून अमेरोलचा भाऊ उठला. त्याच्यामागे त्याच्या घरची सगळी माणसं उठली. नासिफही उठला. माझ्यासमोरून गेला, माझ्याकडे न पाहता. मी त्याला हाक मारली नाही, बाबांनी मला मारली नव्हती तशीच. पाचव्या दिवशी तो घरी आला. जेवला. बोलत नाही. रास्मिया त्याला भात वाढताना माझ्याकडे बघते, मी म्हणते वाढ. बाबांना दीड वर्ष लागलं होतं, मुलाला किती लागतं ते बघू.

चारशे माणसं मात्र जेवून गेली. पिवळा भात उरला नाही. तुझी पदवी कुठे गेली ते मला माहीत नाही, कोणी तिचं नाव काढलं नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते.

काल बाई बोलावान आली. तीच टोपली. टोपलीत मासळीखाली क्रिस, जुन्या गोणपाटात गुंडाळलेली. मला वाटलं, पातं दाखवायला आणलं असेल. तिने ते माझ्या मांडीवर ठेवलं आणि मूठ हलवून दाखवली. तुझा तो मनिलाचा गोंद लिंबाच्या रसाने सुटला आहे. पकड बेचाळीस साली होती तेवढीच सैल.

ती म्हणाली, "बाबांनी दुरुस्तीला दिली होती. काम झालेलं नाही. काम न होता परत कशी नेऊ?"

मी म्हटलं, "बाई, आमच्या घरात आता लोहार नाही."

तर म्हणाली, "आहे. त्याने मला मूठ दिली तेव्हा मी पाहिलं. त्याला बोलवा." आणि उठताना म्हणाली, "घाई नाही. पण बावन्न वर्षं नको, तेवढी मी जगणार नाही."

सांगिला, ती क्रिस या क्षणी माझ्यासमोर भिंतीवर आहे, त्याच दोन खिळ्यांवर, त्याच काळ्या फडक्यात. मला चांदीची पकड आवळता येत नाही. मला बाबांनी भट्टीजवळ बसू दिलं नाही, तुला बसू दिलं, आणि तू ते शिकून सिमेंट कालवायला गेलास, याचा राग मला अजून आहे, तो आज लिहून ठेवते. बाबांचा बारीक हातोडा आणि चिमटा पेटीत तळाशी आहेत, तेल लावलेले. मी दर वर्षी लावत आले.

तुझ्या तळव्याची जखम भरली असेल. नसेल भरली तरी ये. पिवळं काही घालू नकोस. बाजारातून गोंद आणू नकोस. उंते शनिवारी मनिलाहून निघतो, पुढची सीट मी तुझ्यासाठी ठेवायला सांगितली आहे, आणि तो मला घाबरतो.

काम झालं की मूठ तिच्याकडे करून तूच द्यायची आहेस.

पिंदावान